हरिश्चंद्रगडाला एसटीने जायचंय? खुबी फाट्यावर उतरा

कल्याण स्टँडवरून माळशेज घाटमार्गे आळेफाट्याकडे जाणारी कुठलीही एसटी पकडा, पण चढतानाच कंडक्टरला 'खुबी फाटा' सांगून ठेवा, कारण घाट चढून वर आलं की फाटा लगेच येतो आणि झोप लागली तर थेट आळेफाटा. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावरून गडाच्या पायथ्याचं खिरेश्वर गाव साधारण पाच किमी, सपाट रस्ता आहे पण उन्हाळ्यात सावलीच्या नावाने बोंब, म्हणून पहाटेचीच गाडी बरी. पुढे टोलार खिंडीतून वर, खिंडीनंतरच्या कातळावर रेलिंग लावलंय तरी पावसात जरा जपूनच. खिरेश्वरपासून गडावरच्या मंदिरापर्यंत चार-पाच तास धरा, म्हणजे एका दिवसात परत यायचं डोक्यातून काढाच, मुक्काम करा आणि कोकणकड्यावर संध्याकाळ घालवा, स्वतःच्या गाडीने गेलं की ती खिरेश्वरला उभी असते, म्हणून गडाच्या दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाला उतरायची सोय नाही, एसटीवाल्यांना ती मोकळीक आहे (माझ्या मते खरा फायदा हाच). खिरेश्वरकडूनच परतलात तर खुबी फाट्यावर अंधार पडायच्या आत पोचा आणि एसटीला हात दाखवा. वेळापत्रकाचं मात्र आदल्या दिवशी स्टँडवर विचारून घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी पार केलेल्यांना तर फुकट, पण आधार जवळ ठेवा.