राजाकडं बघू नका, बटणं मोजा

जून म्हणजे आमचा गणवेशाचा सीझन. शाळा उघडायला दोन-चार दिवस उरलेले, काज-मशीनपाशी शर्टांचा ढीग, आणि मी दोऱ्याच्या कोनला मोबाईल टेकवून लंडनची परेड बघत बसलेला. कारागीर हसतात. हसू देत.

‘ट्रूपिंग द कलर’ ही इंग्लंडच्या राजाच्या वाढदिवसाची परेड. चार्ल्स जन्मला १४ नोव्हेंबरला, परेड मात्र जूनच्या शनिवारी, बहुधा दुसऱ्या. पूर्वीचा राजा सातवा एडवर्डही नोव्हेंबरातलाच. तिकडच्या त्या गारठ्यात उघड्यावर सोहळा कसला करणार, म्हणून त्यानं तो उन्हाळ्यात आणला आणि तो तिथंच राहिला.

बघायची असेल तर दुपारी साडेतीनच्या आत बसा. तेव्हा तिकडं सकाळचे अकरा होतात आणि राजा हॉर्स गार्ड्स मैदानावर येतो. माझा नाइलाज आहे, पण तुम्ही टीव्हीवरच बघा. बटणं दिसली पाहिजेत.

पायदळ गार्डांच्या रेजिमेंट पाच. पाचांचे कोट लाल, पाचांच्या डोक्यावर अस्वलाच्या कातडीची उंच काळी टोपी. नवख्याला सगळे सारखेच. कॅमेरा जवळ गेला की छातीवर नजर ठेवा. बटणं एकेक, सारख्या अंतरावर असली तर ग्रेनेडियर. दोन-दोनच्या जोड्या असल्या तर कोल्डस्ट्रीम. तीन-तीन स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, नुकसानीतून शिकलो. एका शाळेच्या बँडचे ३६ लाल कोट होते. गिऱ्हाइकानं फोटो दिला आणि म्हणालं, “मास्तर, डिट्टो असंच.” फोटोत बटणं दोन-दोन करून लावलेली. मला वाटलं, शिवणाऱ्यानं अंतर चुकवलंय. आपण शहाणे! टेप लावून सगळी सारख्या अंतरावर आखली आणि काज पाडून मोकळा झालो. कोट घेऊन गेलो तर गिऱ्हाईक फोटो पुढं धरून बसलं. बटण उसवून हलवता येतं, कापलेलं काज कुठं हलवणार? ३६ कोटांचे पुढचे डावे पल्ले नव्यानं कापावे लागले, कापड माझ्या खिशातलं. त्या रात्री शोधत बसलो तेव्हा कळलं की त्या जोड्या म्हणजे कोल्डस्ट्रीमची ओळख. तेव्हापासून दर जूनला बघतोच.

कॅमेरा लांब गेला की टोपीचा तुरा धरा. ग्रेनेडियरचा पांढरा, डावीकडं. कोल्डस्ट्रीमचा लाल, उजवीकडं. आयरिशचा निळा, तोही उजवीकडं. वेल्शचा पांढरा-हिरवा-पांढरा, डावीकडं. तुराच नाही तो स्कॉट्स. डावं-उजवं शिपायाचं धरायचं, आपलं नाही; इथं सगळे फसतात. घोडेस्वार देखणे असतात, पण चिलखताला काय शिलाई बघायची?

आता मुख्य भाग. कलर म्हणजे रंग नव्हे, पलटणीचं निशाण. पूर्वी लढाईच्या धुरात आपली माणसं कुठं जमायची ते निशाणावरून कळायचं, म्हणून ते रांगांसमोरून फिरवून शिपायांच्या डोळ्यांत भरवायचं. दर वर्षी एका पलटणीचं फिरतं. एकटा ढोलवाला पुढं येऊन ढोल वाजवतो तिथून डोळे हलवू नका. मग सार्जंट मेजर निशाण घेऊन एका तरुण अधिकाऱ्याच्या हाती देतो आणि ते संथ पावलांनी रांगांमधून निघतं. जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेला बाराबंदी घातलेला माणूस नंदीध्वज पेलून चालतो तेव्हा आपण काठीचा शेंडा बघत नाही, त्याची पावलं बघतो. इथंही तेच करा.

बँड वळतो तेव्हा आवाज वाढवा. शेकडो वाजवणारे एका जागी गरकन फिरतात आणि ताल तुटत नाही. लेझीमचा ताफा अरुंद बोळात वळवताना ज्यानं शिट्टी फुंकलीय त्याला यातली गोम कळेल.

मधेच एखादा शिपाई धाडकन पडला तर घाबरू नका. लोकरीचा कोट, ती टोपी आणि तास-दीड तास पुतळ्यासारखं उभं राहणं. २०२३ च्या तालमीत तिशीपार उन्हात काही जण असेच कोसळले होते. आमच्या ४२ डिग्रीत तो कोट मी शत्रूलाही शिवून देणार नाही.

२०२५ ची परेड मिळाली तर जरूर बघा. अहमदाबादला विमान पडलं १२ जूनला, परेड १४ ला. अधिकाऱ्यांच्या लाल बाह्यांवर काळ्या फिती होत्या, एक मिनिट सगळं मैदान गप्प उभं होतं. त्या वेळी आमच्याकडं कुणी हसलं नाही.

शेजारचे काका मात्र दर वर्षी ऐकवतात, “चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जातोस, आणि ज्यांनी १९३० ला सोलापुरावर मार्शल लॉ लावला त्यांच्या राजाची परेड बघतोस?” काकांचं चुकत नाही. मी म्हणतो, “काका, राजाकडं बघतच नाही मी. बटणं मोजतो.” मग तेही खुर्ची ओढतात आणि चारची बटणं पाच म्हणून सांगतात.

साडेपाचच्या सुमाराला राजवाड्यावरून विमानं जातात. ती मी क्वचितच बघतो. शनिवार असतो, कारागीर हिशेबाला उभे असतात.