आंब्याच्या हंगामाआधी डब्यांवरच्या लेझर कोडिंगची तयारी

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ती खाली पुन्हा पुन्हा येणार आहे. रिकाम्या, कोरड्या डब्याच्या झाकणावर कोड (बॅच आणि तारखा) सुरेख उठला म्हणजे सेटिंग पास झालं असं नाही. भरलेला, सीम झालेला (झाकणाची कड दुमडून बंद केलेला), कुकरमधून निघालेला, क्लोरिनच्या पाण्यात थंड केलेला आणि आठ दिवस खोक्यात ठेवलेला डबा डोळ्यांनी बघितल्याशिवाय लेझरची पॉवर ठरवायची नाही. गेल्या हंगामात नेमकं हेच राहिलं आणि गोदामातल्या खोक्यांत तारखेच्या जागी गंज निघाला.

कारण समजून घ्या. टिनच्या पत्र्यावर कथिलाचा थर अगदी पातळ असतो. चौरस मीटरला 2.8 ग्रॅम कथिल धरलं तर त्याची जाडी अर्धा मायक्रॉनसुद्धा भरत नाही. 1064 नॅनोमीटरचा फायबर लेझर हा थर सहज उडवतो, खालचं पोलाद उघडं पडतं आणि त्यावर पाणी बसतं. आंब्याचा रस आम्लधर्मी असल्यामुळे डबे 121 अंशांच्या रिटॉर्टमध्ये (दाबाखाली शिजवणाऱ्या टाकीत) जात नाहीत, उकळत्या पाण्यातच शिजतात. पण ते उकळतं पाणी आणि नंतरचं क्लोरिन उघड्या पोलादाला पुरे होतं. त्यात आपल्याकडे हंगाम संपतो न संपतो तोच पाऊस लागतो. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला तर जूननंतर गोदामातली हवाच ओली असते.

म्हणून मशीन हंगामाच्या निदान तीन आठवडे आधी लाईनवर बसलेलं हवं. आदल्या दिवशी बसवलं तर आठ दिवसांची चाचणी करायला दिवसच उरत नाहीत. तीन वेगवेगळ्या पॉवर घ्या, प्रत्येकीचे दहा डबे करा, डब्यावर मार्करने नंबर टाका आणि सगळे पूर्ण लाईनमधून न्या. रस आला नसेल तर गरम पाणी भरा, पण कुकर आणि कुलिंग टँक चुकवू नका. नंतर ते नेहमीच्याच खोक्यात, नेहमीच्याच थप्पीत ठेवा. टेबलावर पंख्याखाली वाळवत ठेवलेला डबा काहीही सांगत नाही. आठव्या दिवशी दहापट भिंगाखाली बघा: अक्षराच्या रेषेत तपकिरी ठिपका दिसला की ती पॉवर बाद. झाकणाला आतून लॅकर (संरक्षक लेप) असेल तर प्रत्येक सेटिंगचा एक डबा कापून कोडच्या मागची बाजू तपासा. तिथे लॅकर फुगलेलं किंवा करपलेलं दिसलं तरीही बाद.

कोड गडद दिसावा म्हणून पॉवर वाढवण्याचा मोह होतो, सुपरवायझरकडूनही दबाव येतो. वाढवू नका. वाचायला त्रास होत असेल तर अक्षराची उंची वाढवा, फॉन्ट बदला. भरीव अक्षरं नकोत, एकेरी रेषेचा फॉन्ट घ्या. 8 आणि 4 मध्ये रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पत्रा दोनदा भाजतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. छेद वगळणारा फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तोच वापरा. रुपयाचं चिन्ह त्या फॉन्टमध्ये आहे का, तेही बघून ठेवा.

झाकणांची ऑर्डर अजून द्यायची असेल तर मधल्या सपाट भागावर बाहेरून रंगीत लॅकरचा पट्टा मागवा आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर वापरा. तो फक्त रंग उडवतो. उघड्या धातूवरून 10.6 मायक्रॉनचा किरण बहुतांश परत फिरतो, त्यामुळे कथिल शाबूत राहतं. मात्र साध्या झाकणावर तो काहीच उठवत नाही, हे विकत घेण्याआधीच लक्षात असू द्या. आणि पट्टा असला तरी आठ दिवसांची चाचणी आहेच.

फोकस. 3.1 किलोच्या ए-टेन डब्याचं झाकण वर्तुळाकार खाचांचं असतं, कोड मधल्या सपाटीवरच बसवा, सीमजवळ नको. गरम भरलेल्या डब्याचं झाकण सपाट किंवा किंचित फुगलेलं असतं, थंड झाल्यावर निर्वातामुळे आत ओढलं जातं. म्हणजे कुकरच्या आधी आणि नंतर उंचीत फरक पडतो. ज्या जागी लेझर लावणार त्याच अवस्थेतल्या डब्यावर फोकस जुळवा. कुकरच्या आधीच लावा, नाहीतर शिजलेला लॉट आणि न शिजलेला लॉट एकमेकांत मिसळला तर ओळखायची सोय राहत नाही. पण आधी लावला म्हणजे कोड उकळत्या पाण्यातून जाणार, म्हणजे पुन्हा गंजाचाच प्रश्न. चाचणी, चाचणी.

सीमरमधून निघालेल्या झाकणावर रस आणि पाणी असतं. लेझरच्या आधी एअर नाइफ (हवेच्या झोताने झाकण कोरडं करणारी पट्टी) हवाच, आणि त्याची हवा तेल-पाण्याशिवायची हवी. तेलाच्या थरावर कोड पुसट येतो. कॉम्प्रेसरचं पाणी रोज सोडा, पावसात दोनदा.

सेन्सर: चकचकीत पत्र्यावर साधा फोटो सेन्सर फसतो, एका डब्यावर दोनदा कोड पडतो. प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की ओळखणारा) लावा. एन्कोडरचं (पट्ट्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राचं) चाक रोज ओल्या कापडाने पुसा, रसाची साखर चिकटून ते घसरतं आणि अक्षरं ताणली जातात. लेझरचं ब्रॅकेट बेळगावच्या उद्यमबागेत स्टेनलेसमध्ये करून घ्या, पण ते कन्व्हेयरच्या थरथरणाऱ्या पट्टीला नको, जमिनीपासून वेगळं उभं करा.

संरक्षण. हे घाईत उरकू नका. 1064 चा किरण दिसत नाही आणि थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत जातो. सीओटूला चालणारी साधी अ‍ॅक्रिलिकची काच फायबरला अजिबात अडवत नाही. त्या तरंगलांबीचीच काच हवी, दाराला इंटरलॉक (दार उघडताच लेझर बंद करणारा स्विच) हवा आणि तो वायर जोडून बायपास केलेला नको. सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हींत लावा; शिफ्टमध्ये दोन्ही वाचणारे असतात. धुराचा फिल्टर सुरू नसेल तर लेझर सुरूच होऊ नये असं वायरिंग करून घ्या. जळालेल्या लॅकरचा धूर फुफ्फुसात जातो आणि लेन्सवरही बसतो.

हेस्कॉमची लाईट गेली की कंट्रोलरचं घड्याळ बिघडू शकतं, म्हणून ऑनलाइन यूपीएस आणि वेगळं अर्थिंग. तारखेचं गणित हाताने तपासा: 31 मेला भरलेल्या मालाचे 18 महिने 31 नोव्हेंबरला भरतात, आणि तो दिवसच नाही. सॉफ्टवेअर 30 नोव्हेंबर दाखवतं की 1 डिसेंबर, ते आधी बघून ठेवा. बॅच, उत्पादन तारीख, एक्सपायरी तर हवीच. निर्यातीचा माल असेल तर खरेदीदाराचा नमुना लेखी घ्या.

पहिल्या दिवशी लेन्स पुसा, पहिले वीस डबे हातात घेऊन वाचा, मग दर तासाला एक डबा. शिफ्ट बदलली, पॉवरला कोणी हात लावला, झाकणांचा नवा लॉट आला, तर परत दहा डबे काढून आठ दिवस बाजूला ठेवा. टँकमधून डबे 40 अंशांच्या आसपास असतानाच काढा, अंगच्या उष्णतेने ते वाळतात; जास्त थंड केले तर ओलेच खोक्यात जातात. खोकं बंद करण्याआधी झाकणावर हात फिरवा.