गोपनीयता जपणारी फोनप्रणाली निवडताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या शेतकरी घरात आज कितीतरी कामे एका फोनवर येऊन ठेपली आहेत. पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपमधून करायची असते, विम्याच्या पिकाचे नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवायचे असते आणि लातूरला शिकणाऱ्या मुलाचे खोलीभाडे यूपीआयने पाठवायचे असते. हा फोन आपल्याविषयी कोणाला काय कळवतो, असा विचार करून कोणी ग्राफीनओएस, लिनिएजओएस किंवा ई-ओएस या अँड्रॉइडवर बेतलेल्या, फोनमधल्या मूळ प्रणालीऐवजी टाकता येणाऱ्या प्रणालींची चौकशी करू लागला, तर ते योग्यच आहे. मात्र ‘सर्वांत चांगली प्रणाली कोणती’ या प्रश्नाने सुरुवात केली की पुढचा हिशेब बिघडतो. हातात असलेल्या किंवा घ्यायच्या फोनला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, हे आधी विचारायला हवे.

जुन्या फोनवर नवी प्रणाली टाकली म्हणजे तो सुरक्षित झाला, असे समजणे

लिनिएजओएस अनेक कंपन्यांच्या शेकडो मॉडेलांवर चालते आणि जुना फोन फेकून न देता वापरता येतो, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु फोनची सुरक्षा दोन ठिकाणी असते. एक भाग अँड्रॉइडचा, जो प्रणाली बनवणारे स्वयंसेवक दुरुस्त करू शकतात. दुसरा भाग मोडेम, प्रोसेसर, कॅमेरा यांच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, ज्याची दुरुस्ती मूळ कंपनीकडूनच यावी लागते. कंपनीने हात वर केले की तिथली भगदाडे तशीच राहतात. लिनिएजओएसच्या सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या पानावर अँड्रॉइडच्या सुरक्षा पॅचची, म्हणजे दुरुस्तीची, तारीख आणि व्हेंडरच्या, म्हणजे मूळ कंपनीकडून आलेल्या, पॅचची तारीख वेगवेगळी दिसते. पहिली गेल्या महिन्याची आणि दुसरी तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. गाणी ऐकायला, मुलांना धडे वाचायला तो जरूर ठेवावा. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाचाच असतो, त्यामुळे त्याचे आयुष्य जितके वाढेल तितके चांगले.

किमतीचा हिशेब अर्धवट करणे

या प्रणालींना पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते फोनला. ग्राफीनओएसचा आधार आतापर्यंत गूगलच्या पिक्सेल फोनांपुरताच राहिला आहे. गूगलपासून दूर जाण्यासाठी गूगलचाच फोन घ्यावा लागतो, हे अनेकांना खटकते. पण परकी प्रणाली टाकून बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, पुन्हा कुलूपबंद करण्याची सोय आणि वेळेवर अपडेट, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात. पिक्सेल ६ आणि ७ मालिकेला बाजारात आल्यापासून ५ वर्षे सुरक्षा अपडेट आहेत, तर पिक्सेल ८ पासून ७ वर्षे. हिशेब खरेदीच्या तारखेपासून धरू नये.

समजा, एक वापरलेला फोन १२,००० रुपयांना मिळतो आणि त्याचे दीड वर्षाचे अपडेट शिल्लक आहेत. दुसरा २८,००० रुपयांना मिळतो आणि त्याचे पाच वर्षांचे शिल्लक आहेत. पहिला वर्षाला ८,००० रुपयांना पडतो, दुसरा ५,६०० रुपयांना. यात बॅटरी बदलण्याचा खर्च मिळवावा, आणि पडदा फुटल्यास तो आपल्या जिल्ह्यात बदलून मिळेल की संभाजीनगर किंवा पुण्याला जावे लागेल, हेही दुकानदाराला आधीच विचारावे.

वापरलेला पिक्सेल न तपासता घेणे

अमेरिकेतून आलेले काही वापरलेले पिक्सेल तिथल्या मोबाइल कंपनीने बांधलेले असतात. अशा फोनमध्ये सेटिंगमधल्या लपलेल्या ‘डेव्हलपर पर्यायां’तले ‘ओईएम अनलॉकिंग’ हे बूटलोडर उघडू देणारे बटण फिकट राहते, दाबता येत नाही, आणि मग नवी प्रणाली टाकण्याचा मार्गच बंद होतो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी दुकानातच फोन इंटरनेटला जोडावा, ‘फोनविषयी’मध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारून हे पर्याय उघडावेत आणि बटण चालू होते का, हे स्वतः पाहावे. इंटरनेट जोडलेले नसेल तर चांगल्या फोनमध्येही हे बटण कधी कधी फिकट दिसते, म्हणून घाईने फोन नाकारूही नये.

बूटलोडर उघडाच ठेवणे

प्रणाली टाकताना बूटलोडर उघडावा लागतो आणि त्या क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. छायाचित्रे, सातबाऱ्याच्या प्रती, संपर्क आधीच दुसरीकडे ठेवावेत. ग्राफीनओएस टाकून झाल्यावर बूटलोडर पुन्हा बंद करायचा असतो, आणि नेमकी हीच पायरी राहून जाते. फोन सुरू होताना नारिंगी इशारा दिसला तर कुलूप उघडे आहे, असे समजावे; कुलूप बंद असेल तर पिवळा इशारा दिसतो आणि तो घाबरण्यासारखा नसतो. कुलूप लावतानाही डेटा पुसला जातो, म्हणून जुना डेटा त्यानंतरच परत भरावा.

यूपीआयचा विचार शेवटी करणे

फोनवरची प्रणाली गूगलने प्रमाणित केलेली आहे का, हे ‘प्ले इंटेग्रिटी’ नावाची तपासणी ॲपला कळवते. नसेल तर चालू द्यायचे की नाही, हे ॲप बनवणारा ठरवतो. ग्राफीनओएसमध्ये गूगल प्ले विशेष अधिकारांशिवाय साध्या ॲपसारखे चालवता येते, त्यामुळे बँकांची पुष्कळ ॲप चालतात, पण सगळी नाहीत. म्हणून जुना फोन लगेच विकू नये. सिम नव्या फोनमध्ये घालून आपल्या बँकेचे ॲप, यूपीआय आणि ई-पीक पाहणीतले लोकेशन व छायाचित्र एकेक करून तपासावे, आणि सोयाबीन मोंढ्यावर न्यायच्या आठवड्यात हे काम मुळीच काढू नये.

प्रकल्प किती भक्कम आहे, हेही पाहावे. अशाच प्रणालींपैकी डिव्हेस्टओएस २०२४ च्या डिसेंबरमध्ये बंद झाले आणि कॅलिक्सओएसने २०२५ च्या ऑगस्टमध्ये अपडेट थांबवली. दोन्ही चांगल्या नावाचे प्रकल्प होते. अशा प्रकल्पांवर आपण विसंबत असू, तर जमेल तशी देणगी द्यावी.

एवढे सगळे करून पुन्हा प्रत्येक ॲपला संपर्क, लोकेशन आणि माइक खुले केले, तर प्रणाली बदलल्याचा फारसा उपयोग होत नाही. ग्राफीनओएसमध्ये एखाद्या ॲपचे इंटरनेटही बंद करता येते. कॅल्क्युलेटर किंवा टॉर्चसारख्या ॲपला ते द्यायचे कारण नाही. ज्यांच्या फोनवर यातली कोणतीच प्रणाली नीट चालत नाही, पण कंपनीचे अपडेट अजून येत आहेत, त्यांनी तो तसाच ठेवून सेटिंगमधला जाहिरात आयडी हटवावा, नको असलेली ॲप काढावीत आणि उरलेल्यांच्या परवानग्या एकदा बसून तपासाव्यात.