फिल्टरला चुकवून आत आलेला मेल

नागपूरच्या इतवारीतल्या काही दुकानांचा जीएसटीचा हिशेब मी बघते. पूर्वी बिलं कापडी पिशवीत यायची, आता मेलवर येतात. 'बिल जोडलं आहे' दिसलं की बोट आपोआप तिकडे जातं, आणि भामट्याला तेच हवं असतं. लॉटरी लागल्याचे मेल स्पॅम फिल्टर बहुतेक बाहेरच अडवतो. आत शिरतो तो आपल्याच धंद्याची भाषा बोलणारा.

१९ तारीख होती. दुसऱ्या दिवशी ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची मुदत संपणार, डोकं तापलेलं. मेल आला: 'तुमची नोंदणी आज रद्द होईल, इथे दाबा.' दाबणारच होते, तेवढ्यात खालून तर्री-पोहे आले. बशी ठेवायला जागा करेस्तोवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे लक्ष गेलं.

पत्ता शेवटाकडून वाचायचा. खऱ्या पोर्टलचा पत्ता जीएसटी डॉट गव्ह डॉट इनवर संपतो. या मेलमध्ये ते सगळं होतं, पण पुढे आणखी शेपूट आणि अगदी टोकाला डॉट टॉप. आडनाव टोकाला असतं बाप्पा, सुरुवातीला कोणीही काहीही लिहितं. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं. त्याखालचा बाण दाबला की पूर्ण पत्ता उघडतो. तरी शंका असली तर मेलमधली लिंक सोडून द्या, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा आणि 'व्ह्यू नोटिसेस अँड ऑर्डर्स' बघा. नोटीस खरी असली तर तिथं दिसेल.

कॉम्प्युटरवर जीमेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' आहे. तिथं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या तीन चाचण्यांपुढे 'पास' दिसलं म्हणून खुश होऊ नका. मेल खरंच त्याच डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) निघाला, एवढंच त्यातून कळतं. भामट्याने स्वतःचं डोमेन घेतलं असलं किंवा एखाद्या व्यापाऱ्याचा खराखुरा मेलबॉक्स फोडला असला, तर तिथंही 'पास'च येतं. फिल्टर फसतो तो बरेचदा इथेच. 'फेल' असेल तर मात्र सावध व्हा.

मग त्या मेलचं काय करायचं? नुसता डिलीट केला तर फिल्टर काही शिकत नाही. 'रिपोर्ट स्पॅम' किंवा 'रिपोर्ट फिशिंग' करा. 'अनसबस्क्राइब' फक्त ओळखीच्या दुकानाच्या जाहिरातीला. अनोळखी भामट्याच्या मेलमधलं ते बटण दाबणं म्हणजे पत्ता चालू असल्याची पावती देणं. बिल म्हणून एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची, फाइल आली तर उघडूच नका, बहुधा खोटं लॉगिन पान निघतं.

एक शहाणपणा मी केला होता, तो तुम्ही करू नका. वैतागून 'इन्व्हॉइस' शब्द असलेला प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये टाकणारा फिल्टर लावला. एका साडीवाल्याची सुरतची बिलं आठ दिवस तिथं पडून होती. शेठजी काय बोलले ते इथं लिहीत नाही. जीमेलचं ट्रॅश आणि स्पॅम ३० दिवसांनी आपोआप रिकामं होतं, म्हणून दर शनिवारी मी दोन्ही चाळते.

नवीन ठिकाणी पत्ता द्यायचा असला की जीमेलच्या पत्त्यात माझ्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह आणि त्या दुकानाचं नाव जोडते. मेल माझ्याकडेच येतो, आणि पत्ता कोणी पुढे वाटला तेही कळतं. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत, त्याला इलाज नाही.

लिंकवर पासवर्ड टाकून बसलात तर लगेच बदला, बाकीच्या उपकरणांवरून लॉगआउट करा. सेटिंग्जमधलं 'फॉरवर्डिंग' आणि फिल्टरची यादीही उघडून बघा. तिथं चोराचा पत्ता राहून गेला तर पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याला जात राहतात. पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.