बागेतला ट्रॅक्टर नेण्यासाठी ट्रेलर निवडताना
पहिला हिशेब वजनाचा: ट्रेलरच्या कमाल एकूण वजनातून त्याचे रिकामे वजन वजा केल्यावर जे उरते, तेवढाच भार त्यावर लादता येतो आणि त्यात ट्रॅक्टरची अवजारे व इंधनही धरावे लागते. ट्रॅक्टर पुढे-मागे सरकवता येईल इतकी लांबी हवी, कारण भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीच्या हुकावर यायला हवा; तो कमी पडला तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोल खाऊ लागतो. चढवायची फळी आखूड असेल, तर गवत कापणाऱ्या पात्यांचे कवच नेमके तिच्या वरच्या काठावर टेकते, म्हणून लांब फळीच बरी. पट्टे बांधायच्या कड्या चौकटीलाच वेल्ड केलेल्या असाव्यात. लाकडी तळाला नुसत्या स्क्रूने बसवलेल्या कड्यांवर माझा भरवसा नाही.