वायरमन ते इंग्लंडचा लेफ्ट बॅक: नव्या डिफेंडरांसाठी

सतराव्या-अठराव्या वर्षी मोठ्या फुटबॉल क्लबने नाही म्हटलं की आपली पोरं बूट माळ्यावर टाकतात. कोल्हापुरात डिफेंडरांना शिकवताना मी हे दर हंगामात बघतो, आणि दरवेळी इंग्लंडचा डिफेंडर स्टुअर्ट पिअर्सची हकीकत सांगतो. मी स्वतः दिवसा वायरिंगची कामं करून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा डिफेंडर, खेळलो, त्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

पिअर्स लंडनचा, जन्म 1962 चा. क्वीन्स पार्क रेंजर्सने ट्रायलनंतर त्याला घेतलं नाही. मग तो वील्डस्टोन या अर्धवेळ खेळाडूंच्या क्लबात गेला आणि पाच वर्षं तिथेच राहिला. दिवसा इलेक्ट्रिशियनचं काम, संध्याकाळी सराव, शनिवारी मॅच. 1983 मध्ये कॉव्हेंट्री सिटीचे मॅनेजर बॉबी गूल्ड बायकोला घेऊन त्याचा खेळ बघायला गेले होते. गूल्ड सांगतात की पिअर्सच्या एका टॅकलने (चेंडू हिसकावण्याच्या झडपेने) समोरचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, उडून थेट त्यांच्या बायकोच्या मांडीवर पडला. सामना जेमतेम सुरू झाला होता. एवढं पुरे म्हणून दोघं उठले. त्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पिअर्स पहिल्यांदा पूर्णवेळ खेळाडू झाला.

1985 मध्ये मॅनेजर ब्रायन क्लफने त्याला नॉटिंगहॅम फॉरेस्टला नेलं. फुटबॉलवर आयुष्यभर भागेल याची त्याला तेव्हाही खात्री नव्हती. फॉरेस्टच्या सामन्यांच्या पुस्तिकेत तो चक्क आपल्या इलेक्ट्रिकच्या कामाची जाहिरात द्यायचा! तेव्हाच्या सगळ्यात वरच्या, पहिल्या डिव्हिजनचा खेळाडू, आणि घरचं वायरिंग करून देतो म्हणतोय. ज्या पालकांना आयटीआय आणि फुटबॉल यांचं वैर आहे असं वाटतं, त्यांना मी हे आवर्जून सांगतो. 1987 मध्ये, पंचविसाव्या वर्षी, तो ब्राझीलविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला. पुढे एकूण 78 सामने खेळला.

आता टॅकलबद्दल. पिअर्सचे व्हिडिओ बघून पोरं घसरत टॅकल करायला शिकतात, आणि तिथेच फसतात. घसरण्याआधी तो कसा उभा आहे ते बघा. विंगर समोर आला की लेफ्ट बॅकने आतल्या बाजूला, तिरकं उभं राहायचं. विंगरला मोकळी वाट दिसली पाहिजे ती फक्त टचलाइनची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेची. गुडघे वाकलेले, वजन पंजांवर, नजर चेंडूवर. विंगर कमरेतून कितीही झुलला तरी हलायचं नाही. त्याने चेंडू पायापासून हातभर लांब ढकलला की मगच जायचं, आणि गेलात तर अर्धवट जाऊ नका. अर्ध्या मनाने गेलेल्यालाच जास्त लागतं. माझा गुडघा मी तसाच दुखावून घेतलाय. हा सराव रोज दोघादोघांनी, चेंडू हळू ठेवून करा.

पेनल्टीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. 1990 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, तुरीन, समोर पश्चिम जर्मनी. सामना बरोबरीत सुटला आणि निकाल शूटआउटवर, म्हणजे आळीपाळीने मारायच्या पेनल्ट्यांवर गेला. पिअर्सचा फटका झेपावलेल्या जर्मन गोलकीपर इल्गनरच्या पायांना लागला, त्याचा साथीदार वॉडलचा बारवरून गेला, इंग्लंड बाहेर. मला मोठी वाटते ती मधली सहा वर्षं. त्या काळात तो फॉरेस्टकडून पेनल्ट्या मारतच राहिला. म्हणून युरो 96 मध्ये वेम्बलीवर स्पेनविरुद्ध शूटआउट आलं, तेव्हा तिसरी पेनल्टी घ्यायला तो पुढे झाला. गोल झाल्यावर प्रेक्षकांकडे वळून ओरडणारा त्याचा चेहरा बघाच. चारच दिवसांनी जर्मनीविरुद्धच्या शूटआउटमध्येही त्याने गोल केला. आमच्या संघात पेनल्टी चुकवलेल्या पोराला मी पुढच्या सरावात पहिला उभा करतो.

त्याला लीगचं अव्वल विजेतेपद कधी मिळालं नाही. 1989 आणि 1990 चे लीग कप मिळाले. 1991 च्या एफए कप फायनलमध्ये त्याने फ्री किकवर गोल मारला, तरी फॉरेस्ट हरलं. 1993 मध्ये संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. तो संघ न सोडता तिथेच राहिला आणि पुढच्याच हंगामात संघाला वर घेऊन आला. वेस्ट हॅममध्ये सदतिसाव्या वर्षी पाय मोडला, त्यातूनही परतला. शेवटचा हंगाम मँचेस्टर सिटीचा, 2001-02, कर्णधार म्हणून, आणि संघ पुन्हा प्रीमियर लीगमध्ये.

नोकरी करून खेळणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कामावर ठेवून घेणाऱ्याला सामन्यांच्या तारखा हंगामाच्या सुरुवातीलाच लिहून द्या. आदल्या दिवशी सुट्टी मागितली तर मिळत नाही, आणि चिडचिड दोन्हीकडे होते. सामन्याच्या दिवशी सकाळी शिडीवर चढायचं काम घेऊ नका, पोटऱ्या भरून येतात. आणि ट्रायलच्या फॉर्मवर जागा विचारली की नुसतं 'डिफेंडर' लिहू नका. डावा पाय चालत असेल तर 'लेफ्ट बॅक' लिहा, डाव्या पायाचे खेळाडू कमीच असतात आणि निवडणाऱ्यांची नजर तिथे आधी जाते.