माळ्यावरचा प्लेस्टेशन टू मॉनिटरला जोडण्याआधी

माळ्यावरून खोकं उतरवलं की लगेच लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात वायर आणायला पळायचं नाही. आधी मॉनिटर फिरवून त्याची पाठ बघायची. तिथं १५ छिद्रांचं व्हीजीए (चित्राचं जुनं सॉकेट) एकटंच आहे की शेजारी एचडीएमआय (चित्र-आवाजाचं नवं, चपटं सॉकेट) पण आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा फोटो दाखवलेला बरा.

प्लेस्टेशन टू हा गेम खेळायचा कन्सोल २००० साली आला, तोही डबा टीव्हीच्या जमान्यात. त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून येणारं चित्र सेकंदाला साधारण १५,६०० आडव्या रेषांचं. व्हीजीए मॉनिटर बहुधा ३१,५०० च्या आसपास सुरू होतो. त्यामुळे एका टोकाला तीन रंगीत पिना आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी नुसती वायर कुणी गळ्यात मारायला लागलं, तर घ्यायची नाही. मध्ये कन्व्हर्टरची डबी लागतेच.

डबीवरची अक्षरं नीट वाचायची. आपल्याला 'एव्ही टू एचडीएमआय' पाहिजे, एव्ही म्हणजे त्याच तीन रंगीत पिना. 'एचडीएमआय टू एव्ही' दिसायला तशीच, पण काम उलटं. मी पहिल्यांदा तीच घेऊन आलो आणि तासभर मॉनिटरला शिव्या दिल्या. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर 'एव्ही टू व्हीजीए' मागायची. डबीला ५ व्होल्टची वीज वेगळी द्यावी लागते, म्हणजे एक मोबाइल चार्जर बाजूला काढून ठेवायचा.

कन्सोलच्या मागं थेट खोचायचा छोटा एचडीएमआय अडॅप्टरही मिळतो. चित्र त्याचं जास्त स्वच्छ, पण तो सिग्नल आहे तसा पुढं ढकलतो. आपल्याकडचे बरेच कन्सोल 'पाल' (PAL) या टीव्ही-चित्राच्या पद्धतीचे, ५० हर्ट्झचं म्हणजे सेकंदाला ५० वेळा बदलणारं चित्र देणारे. टीव्ही ते खपवून घेतो, कॉम्प्युटरचे बरेच मॉनिटर नाही घेत. तरी तोच घ्यायचा असेल, तर जुना टीव्ही भंगारात जायच्या आत कन्सोल त्याला लावून एक सेटिंग बघून घ्यायचं. कन्सोलच्या मेनूत सिस्टिम कॉन्फिगरेशनमधलं 'कंपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवर असेल तर वाय-सीबी-सीआरच्या पर्यायावर न्यायचं. हे राहिलं की नंतर मॉनिटरवर रंग भलतेच दिसतात.

मॉनिटरला स्पीकर आहे का, हे हमखास विसरतं. नसेल आणि हेडफोनचं भोकही नसेल, तर आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना स्पीकरला जोडायला छोटी वायर त्याच फेरीत आणायची.

पाहुण्यांनी अमेरिकेतून आणलेला जाडा, म्हणजे सुरुवातीच्या मॉडेलचा, कन्सोल असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. तो १२० व्होल्टचा असतो. हवेच्या जाळीतली धूळ कोरड्या ब्रशनं झाडायची, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

कन्सोल, मॉनिटर आणि चार्जर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यायचे आणि जमलं तर तो बोर्ड इन्व्हर्टरवर. गेम सेव्ह होत असताना लाइट गेली तर मेमरी कार्डवरचा डेटा बिघडू शकतो. आमच्याकडे मॉनिटर तेवढा इन्व्हर्टरवर होता. तो 'नो सिग्नल' दाखवत राहिला आणि भाचा माझ्याकडे बघत.